डिस्क मोडीत काढण्याआधी एक आकडा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचा हिशेब आणि पुस्तकांच्या नोंदी सांभाळण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो. त्यासाठी एका सभासदाने दिलेला जुना लॅपटॉप आम्ही वापरतो. गेल्या जुलैत तो फारच अडखळू लागला. एखाद्या पुस्तकाचे नाव शोधायला दिले की पडदा गोठल्यासारखा व्हायचा आणि समोरचा वाचक कंटाळून स्वतःच कपाटाकडे जायचा. म्हणून तो शहरातील एका दुकानात दाखवला. तिसऱ्या दिवशी परत मिळाला तेव्हा पावतीवर एकच ओळ होती : हार्ड डिस्क कमांड क्यूइंगला सपोर्ट करत नाही, डिस्क बदलावी लागेल, खर्च साडेचार हजार रुपये. ती ओळ चुकीची होती. वर्गणीवर चालणाऱ्या आमच्यासारख्या आणखी किती संस्था अशा ओळींवर विश्वास ठेवून पैसे मोजत असतील, या विचाराने हे पत्र लिहीत आहे.

कमांड क्यूइंग म्हणजे डिस्कला दिलेल्या आज्ञांची रांग. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी एकसारखी फिरत असते आणि वाचणारे टोक तिच्यावरून आतबाहेर सरकते. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या आमच्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. म्हणजे टोक योग्य कड्यावर पोचल्यानंतरही हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. आज्ञा आल्या त्याच क्रमाने पाळायच्या म्हटल्या तर हे थांबणे प्रत्येक वेळी नव्याने वाट्याला येते. आपला पोदेर सकाळी पाव घेऊन निघतो तेव्हा कोणी आधी सांगून ठेवले याचा विचार करीत नाही. वाट जशी जाते तशी घरे घेतो. डिस्कलाही तेच करू द्यायचे असते. या सोयीचे पूर्ण नाव नेटिव्ह कमांड क्यूइंग, व्यवहारातले नाव एनसीक्यू. तिच्यात संगणक एका वेळी 32 पर्यंत आज्ञा खुणा लावून डिस्कच्या हवाली करतो आणि डिस्क त्या आपल्या सोयीच्या क्रमाने पुऱ्या करते. हा क्रम डिस्कनेच ठरवायचा, कारण या क्षणी तबकडी नेमकी कुठे आहे हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

ही सोय साटा (डिस्क संगणकाला जोडण्याची एक पद्धत) डिस्कांमध्ये 2004 च्या सुमारास येऊ लागली आणि आमची डिस्क 2009 ची आहे. पावतीवरील ओळीविषयी पहिली शंका आली ती इथेच. रांग चालण्यासाठी तिघांचा होकार लागतो : डिस्कचा, मदरबोर्डवरील कंट्रोलरचा (डिस्कशी व्यवहार करणारी चिप) आणि त्या कंट्रोलरशी बोलणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचा. तिघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी रांग बंद राहते, पण नकार कोणाचा हे न पाहता दोष मात्र डिस्कवर जातो. पाहणे अवघड नाही. आम्ही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून (विंडोजऐवजी लिनक्सवर) लॅपटॉप सुरू केला आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही उघडली. डिस्क ओळखल्याच्या ओळीत ‘एनसीक्यू (डेप्थ 0/32)’ असे लिहिलेले होते. डेप्थ म्हणजे रांगेत किती आज्ञा मावतात तो आकडा. तिरप्या रेघेच्या उजवीकडचा आकडा डिस्कचा, डावीकडचा कंट्रोलरच्या बाजूचा. डिस्क 32 आज्ञा घ्यायला तयार होती. शून्य होते ते पलीकडून. एचडीपार्म या आज्ञेनेही तेच सांगितले : क्यू डेप्थ 32, आणि एनसीक्यूपुढे सोय असल्याची फुली.

म्हणजे साडेचार हजार देऊन नवी डिस्क बसवली असती तरी तिच्या नावापुढेही शून्यच आले असते. दुकानदाराला हे माहीत नव्हते की माहीत असून सांगायचे नव्हते, याचा निवाडा मी करीत नाही.

शून्याचे कारण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सर्वात आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीत, सापडले. तिथे साटा कंट्रोलरचा प्रकार ‘आयडीई’ असा ठेवलेला होता. या पद्धतीत कंट्रोलर जुन्या काळच्या डिस्क-जोडणीचे सोंग घेतो आणि त्या सोंगात रांगेला जागाच नसते. त्यासाठी ‘एएचसीआय’ हा पर्याय निवडावा लागतो. आधीच्या मालकांना विचारले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी कधीकाळी या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी घातली होती. एक्सपीबरोबर एएचसीआयचा ड्रायव्हर येत नसे, म्हणून बसवणाऱ्याने बायोसमध्ये आयडीई करून वेळ मारून नेली. पुढे विंडोज 7 आली, पण बायोसकडे परत कोणी फिरकले नाही. (विंडोज 7 ला 2020 पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, हा लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नाही.)

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण उत्साहाच्या भरात अनेकजण इथेच फसतात. बायोसमधला पर्याय थेट बदलला की विंडोज 7 सुरू होताना निळा पडदा दाखवून थांबते, शेवटी 7बी असलेला त्रुटीचा क्रमांक दिसतो, आणि ‘डिस्क गेली’ या निदानाला जणू पुरावाच मिळतो. डिस्कला काही झालेले नसते. आयडीईत बसवलेल्या विंडोजने सुरुवातीलाच लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर झोपवून ठेवलेला असतो, एवढेच. पर्याय बदलण्यापूर्वी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीची नोंदवही) ‘एमएसएएचसीआय’ या नोंदीखाली ‘स्टार्ट’चे मूल्य शून्य करावे लागते. विंडोज 10 मध्ये संगणक एकदा सेफ मोडमध्ये सुरू होईल असे ठरवून मग पर्याय बदलला की सहसा भागते. आणि काहीही करण्यापूर्वी नोंदींची प्रत काढून ठेवावी, हे मी सांगायला नको. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तिथे हा उपाय लागू पडत नाही.

बदल केल्यावर 0/32 च्या जागी 31/32 आले. (एकतीस पाहून बिचकू नये, कर्नलच्या जुन्या आवृत्त्या एक खूण स्वतःच्या कामासाठी राखून ठेवत.) रांग चालू झाली, अडखळणे मात्र संपले नाही. नोंदवहीत आता ‘रीड एफपीडीएमए क्यूड’ ही रांगेतून वाचण्याची आज्ञा फसल्याच्या ओळी आणि त्यांच्यामागोमाग जोडणी पुन्हा सुरू केल्याच्या ओळी दिसू लागल्या, आणि थोड्या वेळाने कर्नलने अतिरेकी चुकांमुळे एनसीक्यू बंद केल्याचे स्वतःच जाहीर केले. दुकानदाराची ओळ अखेर खरी ठरली की काय, असे त्या संध्याकाळी वाटून गेले. मग पुन्हा सुरू करून क्यू डेप्थ मुद्दाम 1 केली. चुका येतच राहिल्या, फक्त आता त्या ‘रीड डीएमए’ या रांगेविना वाचण्याच्या साध्या आज्ञेच्या नावाने आल्या. दोष रांगेचा असता तर रांग मोडल्यावर तो थांबायला हवा होता.

डिस्क स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींनी बाकीचे सांगितले. बदललेल्या सेक्टरांची (तबकडीवरील माहितीचे लहान तुकडे) नोंद, क्रमांक 5, शून्य. संशयित सेक्टरांची नोंद, क्रमांक 197, तीही शून्य. क्रमांक 199 मात्र दर काही तासांनी वाढत होता. हा आकडा तबकडीविषयी बोलत नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत माहिती बिघडली की तो वाढतो. बॅटरी काढून, खालचे झाकण उघडून डिस्क बाहेर घेतली तेव्हा जोडणीच्या पट्ट्यांवर मळकट थर बसलेला होता. पावसाळ्यात आमच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. त्याच खोलीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या यंत्राचे निराळे काय होणार? आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या, डिस्क घट्ट बसवली. चुका थांबल्या आणि गोठणेही थांबले.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर लॅपटॉप सुधारला तो मुख्यतः या पुसण्यामुळे. एकटा माणूस नोंदी टाइप करतो तेव्हा रांगेत एकदोन आज्ञांपेक्षा जास्त क्वचितच असतात, आणि रांगच नसेल तर तिचा क्रम लावून मिळणार काय? व्हायरस तपासणी चालू असताना कोणी शोध घेतला तरच फरक जाणवतो. म्हणजे कमांड क्यूइंग खरोखरच नसते तरी डिस्क बदलण्याचे ते कारण झाले नसते. दुकानदाराने ‘एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवा, लॅपटॉप वेगवान होईल’ एवढेच म्हटले असते तर ते खरे होते आणि आम्ही विचारही केला असता. अर्थात आयडीई पद्धत तशीच राहिली असती तर त्या एसएसडीलाही रांग मिळाली नसती, आणि रांगेचा लाभ तिला फिरत्या डिस्कपेक्षा अधिक होतो.

आपल्या वाचकांपैकी जे शाळा, पंचायत किंवा संस्थांची यंत्रे सांभाळतात त्यांना माझी विनंती आहे की डिस्क निकामी असल्याचे सांगितले गेले तर पावतीवर चार नोंदी लिहून मागाव्यात : एनसीक्यूच्या ओळीतील जोडी आणि स्मार्टच्या 5, 197 व 199 या क्रमांकांपुढील मूल्ये. हे काम दहा मिनिटांचे आहे. काढलेली डिस्कही परत मागावी. आमच्या डिस्कवर सभासदांचे पत्ते आहेत आणि ते दुकानाच्या फळीवर पडून राहणे बरे नव्हे.

क्रमांक 199 चा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, तो वाढतो की नाही एवढेच पाहायचे असते. आमच्या डिस्कचा आकडा ऑगस्टपासून 214 वर थांबलेला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुस्तकांची मोजणी होते तेव्हा त्याच वहीत तोही लिहून ठेवतो.

आपला,
एका वाचनालयाचा कार्यवाह,
फोंडा, गोवा