माझ्या लेकरांचा पत्ता कुठला? महिला व बालकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदया,
महिला व बालकल्याण खाते, कर्नाटक सरकार

सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्याच्या सीमेवरच्या एका खेड्यात मी आईवडिलांच्या घरी राहते. मुलगी दुसरीत आहे, मुलगा अंगणवाडीत जातो. काजूच्या कारखान्यात मी सोलणीचं काम करते. तुम्ही याच जिल्ह्यातून निवडून आला आहात, म्हणून पत्र तुम्हालाच लिहिते.

गेल्या सोमवारी माझा अर्ज परत आला. मिशन वात्सल्य योजनेत विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेल्या आईच्या मुलाला महिना 4,000 रुपये मिळतात, हे मला आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. कार्यालयातल्या कुणीही आपणहून सांगितलं नव्हतं. जूनमध्ये मी अर्ज दिला, तेव्हा तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता, "दोन महिन्यांत समितीपुढे जाईल, काळजी करू नका." पाच महिने मी काळजी केली नाही. सोमवारी टेबलावरून कागद माझ्याकडे सरकवला आणि दोन कारणं सांगितली. एक, अर्ज मराठीत आहे. "कन्नडदल्ली बरेदु तन्नि." म्हणजे, कन्नडमध्ये लिहून आणा. दुसरं, मुलांच्या आधारवर पत्ता महाराष्ट्रातला आहे.

मराठीत आहे हे जून महिन्यात दिसलं नव्हतं का? शिक्का मारून पोच दिली, तेव्हाही तो मराठीतच होता.

कन्नडवर माझा राग नाही. माझी मुलगी शाळेत कन्नड शिकते, घरी येऊन मला अक्षरं गिरवायला लावते. कारखान्यात शेजारी बसणारी माझी मैत्रीण कन्नडच आहे, नवा फॉर्म तिनेच रात्री जागून भरून दिला. पण आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला दिला आहे. हे मला दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला माहीत असतं आणि खुर्चीवरच्या माणसाला नसतं, हे कसं?

आता पत्त्याचं सांगते. माझं सासर सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यात. 2022 मध्ये नवऱ्याने मला घराबाहेर काढलं, तेव्हा मुलगा मांडीवर होता. अंगावरच्या कपड्यांनिशी आले. रेशनकार्ड तिकडे, आधार तिकडचं, मुलांचे जन्मदाखले तिकडचे. इथे आल्यावर रेशनकार्डात नाव घालायला गेले, तर म्हणाले तिकडचं नाव कमी केल्याचा दाखला आणा. तिकडे गेले, तर सासरे कार्डच दाखवीनात. कार्ड नाही म्हणून कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 नाहीत. तिकडची लाडकी बहीण योजना 1,500 देते, तर ती महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांची, मी राहते कर्नाटकात. दोन सरकारं बायकांना पैसे वाटतायत आणि मी दोन्हीकडच्या यादीत नाही. माझी लेकरं नेमकी कुठली आहेत, ते एकदा लिहून द्या.

तुम्ही म्हणाल, पोटगी मागायची. मागितली. ऑगस्ट 2022 मध्ये इथल्या कोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखाली अर्ज केला. बायको जिथे राहते तिथे अर्ज करता येतो, एवढी एक सोय कायद्याने बाईला दिली आहे. नवीन कायद्यात, 1 जुलै 2024 पासून, तेच कलम 144 झालं. आकडा बदलला, हेलपाटे तेच. नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निकाल लागावा असं कायदा म्हणतो. माझी नोटीस सीमा ओलांडून त्याच्या हातात पडायलाच नऊ महिने गेले. दर वेळी एकच शेरा: इसम मिळून आला नाही. इसम रोज कामावर जातो, गावच्या जत्रेत ट्रॅक्टर सजवून फिरतो, त्याचे फोटो माझ्या भावाच्या मोबाईलवर येतात. फक्त समन्सला तो सापडत नाही.

मार्च 2024 मध्ये हुकूम झाला. अर्जाच्या तारखेपासून प्रत्येक मुलाला महिना 2,500. म्हणजे दोघांचे पाच हजार. ऑगस्ट 2022 पासून या महिन्यापर्यंत, नोव्हेंबर 2025 पर्यंत, 40 महिने होतात, बोटांवर मोजलंय, एखादा महिना इकडेतिकडे असेल. दोन लाख झाले. आले किती? दहा हजार. तेही हुकूम झाल्यावर लगेच, जेलच्या भीतीने. भीती गेली आणि पैसे थांबले.

मी 23 तारखांना हजर राहिले.  एका तारखेला एक रोज बुडतो, 250 रुपये. पावणेसहा हजार मी नुसते बाकावर बसून घालवले. त्याआधी खासगी वकिलाला आठ हजार दिले, आईची बोरमाळ गहाण ठेवून. बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता सरकारकडून वकील फुकट मिळतो, हा कायदा 1987 चा आहे. त्यासाठी 15100 हा मदतीचा फोन नंबर आहे. हे मला कधी कळलं? माळ गेल्यावर. थकलेल्या पोटगीच्या वॉरंटसाठी पैसे देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, हेही असंच शेवटच्या घटकेला एका शिपायाने व्हरांड्यात सांगितलं. तो बोलला नसता तर तेवढे महिने हातचे गेले असते. बाईचा हक्क शिपायाच्या दयेवर?

वसुलीचं वॉरंट इथून निघून तिकडच्या पोलिसांत जातं आणि तिथेच पडून राहतं. जिथे माणूस आहे तिथल्या कोर्टातही वसुली लावता येते, म्हणून मी तिकडेही अर्ज टाकला. फेब्रुवारी 2025 मध्ये तिकडची तारीख होती. त्याच दिवसांत भाषेवरून वाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या. सकाळी सहाला मुलाला कडेवर घेऊन मी स्टँडवर उभी होते. गाडीच आली नाही. तारीख पुढे गेली, दोन महिन्यांनी.

1956 पासून हा भाग कुणाचा यावर भांडण आहे. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. माझ्या आजोबांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, मी त्यांची नात आहे, ते मी विसरणार नाही. पण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना विचारते, या जमिनीवर राहणाऱ्या पोरांसाठी दोन कलेक्टर एका टेबलावर कधी बसले? जमीन हवी आहे सगळ्यांना. पोरं कुणाला हवी आहेत?

पुढच्या महिन्यात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरेल. तिथे हे मांडा. पोटगीचा हुकूम झालेल्या मुलाचे पैसे सरकारने आधी द्यावेत आणि बापाकडून जमीन महसुलासारखे वसूल करावेत. शेतसारा थकला तर तलाठी दारात येतो, वीजबिल थकलं तर तार कापतात, मग पोटाचं थकलं तर कुणीच का येत नाही? सीमेपलीकडच्या वॉरंटसाठी दोन्ही जिल्ह्यांनी एकेक अधिकारी नेमावा, ज्याचं नाव आणि फोन कोर्टाच्या भिंतीवर लिहिलेला असेल. सीमाभागातल्या तुमच्या खात्याच्या प्रत्येक कार्यालयात मराठी वाचणारा एक माणूस असावा. आणि टाकलेल्या बाईच्या मुलांचा पत्ता आईचा धरावा, बापाच्या रेशनकार्डाचा नव्हे.

मी पदर पसरत नाही, हुकूम झालेलं मागते.

नवा कन्नड फॉर्म येत्या सोमवारी घेऊन जाणार आहे. त्या दिवशीचाही रोज बुडेल. जुन्या अर्जाची शिक्क्यासकट पोच मी जपून ठेवली आहे, दोन्ही एकत्रच टेबलावर ठेवीन. या वेळी परत पाठवायचा असेल तर कारण लेखी द्यायला सांगा, तारीख आणि सहीसकट.

आपली,
सीमाभागातली दोन लेकरांची आई