फॉल्स सीलिंगमधला दिवा बदलताना इन्व्हर्टरही बंद करा

मा. संपादक महोदय,

आठ-दहा वर्षांपूर्वी घरोघरी पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले एलईडी डाउनलाइट आता एकेक करून मिणमिणू लागले आहेत आणि पुष्कळ जण ते स्वतःच बदलतात. वीज सुरक्षेच्या नियमांचीही त्याला आडकाठी नाही, कारण वायरिंगची क्षमता वा स्वरूप न बदलता केवळ दिवा बदलायचा असेल तर परवानाधारक कंत्राटदाराची सक्ती नसते. परंतु या साध्या वाटणाऱ्या कामातील एका धोक्याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

गेल्या महिन्यात आमच्या दिवाणखान्यातील दिवा बदलताना मी त्याचा स्विच आणि घराचा मेन स्विच असे दोन्ही बंद केले होते. तरीही सीलिंगमधून खाली ओढलेल्या वायरच्या जोडाला टेस्टर लावला तेव्हा तो पेटला. मेन बंद होताच इन्व्हर्टर सुरू झाला होता. खोलीतला पंखा आधीपासून बंद असल्याने ते लक्षातच आले नाही. शिवाय वायरिंग करणाऱ्याने दिव्याचा स्विच फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर घेतला होता. अशा जोडणीत स्विच बंद केल्यावर दिवा विझतो, पण त्याच्यापर्यंतची फेज वायर जिवंतच राहते. स्विच बंद असूनही एखादा दिवा रात्री अंधुक तेवत असेल, तर हा दोष असू शकतो आणि तो वायरमनकडून तपासून घ्यावा.

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते म्हणून त्याचा धक्का किरकोळ असेल, असा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. प्रत्यक्षात इन्व्हर्टर घराला साधारण २३० व्होल्टचाच पुरवठा करतो. मेनजवळ बसवलेल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरही (वीज गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरही) येथे विसंबता येत नाही, कारण तिच्या पुढे जोडलेल्या इन्व्हर्टरचा पुरवठा ती तोडू शकत नाही. उलट केवळ इन्व्हर्टरचे बटण बंद केले, तर मेनची वीज अनेकदा त्याच्यातून तशीच पुढे जाते. म्हणून टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, नंतर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत आणि मगच वायर तपासावी.

आणखी एक गोष्ट खर्चाची आहे. दिवा गेला की बहुधा आतील एलईडी नव्हे, तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा छोटा डबा, बिघडलेला असतो, आणि तो स्वतंत्रपणे बदलता येतो. मात्र वॅट जुळले म्हणून कोणताही ड्रायव्हर चालत नाही. त्यावर छापलेला मिलिअँपिअरमधील प्रवाह आणि व्होल्टची मर्यादा जुन्याशी जुळावी लागते. दिव्याचे एलईडी पॅनेल जोडण्यापूर्वी ड्रायव्हरला वीज देऊ नये. जुन्या दिव्यांवरची ही छपाई उष्णतेने पुसट झालेली असते, त्यामुळे ग्राहक नाइलाजाने पूर्ण दिवा विकत घेतो आणि तो जुन्या छिद्रात बसला नाही, तर सीलिंगही कापतो.

उत्पादकांनी ही माहिती आणि छिद्राचे माप न पुसणाऱ्या अक्षरांत दिव्यावरच द्यावे, तसेच इन्व्हर्टर बसवणाऱ्यांनी मेन स्विचशेजारी ‘इन्व्हर्टरही बंद करा’ अशी ठळक मराठी पट्टी लावावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक