मूत्राशयाच्या कॅन्सरनंतरची कंबरदुखी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मूत्राशयाच्या कॅन्सरवर आलेला लेख वाचला. लघवीतून रक्त आलं आणि जरा पण दुखलं नाही तरी दाखवून घ्या, बिडी-सिगारेट सोडा, हे सगळं बरोबरच आहे, पण लेख तिथेच संपला आणि आमच्या घरातलं खरं प्रकरण तिथून पुढेच सुरू झालं होतं.

माझे काका, जन्मभर बिडी ओढलेले. त्यांची गाठ दुर्बिणीतून काढली, लघवी साफ व्हायला लागली, मग दर तीन महिन्यांची तपासणी त्यांनी हळूहळू बंदच केली, म्हणायचे आता कशाला उगाच नळी घालून घ्यायची. पुढे कंबर धरली. हाडाच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या, मग कुणीतरी मालिशवाला सुचवला. दिवसा बरं असायचं पण रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा, शेवटी भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचे. डॉक्टरांनी आधीच्या ऑपरेशनचं विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही, कंबरेचा न लघवीच्या पिशवीचा काय संबंध असं त्यांना वाटलं असणार! एमआरआय केला तेव्हा मणक्यात पसरलेलं दिसलं.

हेच कुणी लिहीत नाही हो. हा कॅन्सर पसरला की बऱ्याचदा लघवीची तक्रार नसतेच, त्रास भलतीकडेच दिसतो. हाडात गेला तर दुखणं, विशेषतः रात्रीचं, आणि किरकोळ धक्क्यानेही हाड मोडतं. फुफ्फुसात गेला तर खोकला, धाप. लिव्हरमध्ये गेला तर भूक मरते, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, कधी कावीळ. पोटातल्या गाठींनी पायाला सूज येते. किडनीकडून येणारी नळी दाबली गेली तर कुशीत दुखतं किंवा काहीच दुखत नाही आणि क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) गुपचूप वाढत जातं, आणि हे लवकर कळणं फार महत्त्वाचं कारण सिस्प्लॅटिन नावाची नेहमीची केमो किडनी चांगली असेल तरच देतात. वजन उतरणं आणि थकवा तर असतोच, पण साठीनंतर ते सगळं वयावर ढकललं जातं. म्हणून पेशंट वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, कुणी छातीच्या, कुणी पोटाच्या, आणि जुनी फाइल घरी कपाटात.

एक गोष्ट तर ठळक छापायलाच हवी. कंबर दुखता दुखता पायातली ताकद जायला लागली, बधिरपणा आला, लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा सुटला तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्यात सकाळची अपॉइंटमेंट घेत बसायचं नसतं, त्याच रात्री इमर्जन्सी गाठायची, उशीर झाला तर पाय परत येतीलच असं नाही.

आणि पसरला म्हणजे आता काही करण्यासारखं नाही, हेही पूर्ण खरं नाही. पूर्ण बरा होणं अवघड, कबूल. पण काकांची कंबर रेडिएशननंतर इतकी हलकी झाली की ते परत आडवे झोपायला लागले. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात, त्याला नातेवाईक उगाच घाबरतात. अलीकडे इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी, आणि इतर नवीन इंजेक्शनं आली आहेत, महाग आहेत, कुणाला चालतात ते कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

बायकांचंही वेगळं लिहा. त्यांच्यात रक्त दिसलं की इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देतात किंवा पाळीचं समजतात, आणि तपासणीला उशीर होतो.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एक चौकट द्याच. ज्यांना हा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी कुठल्याही दुखण्याला कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी पहिलं वाक्य तेच सांगायचं आणि डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर ठेवायचा. अक्षर जरा मोठं ठेवा, पुरवणी वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचेच असतात.

आपली एक वाचक,
सांगली