मॅडम, साडूनं दिलेलं गिफ्ट टॅक्स-फ्री, मग पार्टनरचं का नाही?

माननीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन मॅडम,
सादर नमस्कार.

तुम्ही स्वतः जेएनयूत इकॉनॉमिक्स शिकलात, म्हणून गे-लेस्बियन जोडप्यांच्या टॅक्सबद्दल, आणि त्याआधी एका इकॉनॉमिस्टबद्दल, थेट तुम्हालाच लिहितेय. ली बॅजेट, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या प्रोफेसर. गे-लेस्बियन कुटुंबांचे पगार, घरखर्च, टॅक्स यांचा हिशोब मांडण्यात बाईंचं अख्खं करिअर गेलंय. तिकडे तेव्हा सगळे म्हणायचे की गे लोक म्हणजे पैसेवाले, दोघं कमावते, पोरंबाळं नाहीत, मजा आहे, आणि हे कशावरून तर मासिकांच्या वाचकांच्या मार्केटिंग सर्व्हेवरून! (आपल्याकडेही हेच ऐकू येतं, साउथ मुंबईतल्या पार्ट्यांचे फोटो बघून.) बॅजेटबाईंनी 1995 मध्ये नॅशनल सर्व्हेचा डेटा घेतला आणि दाखवलं की शिक्षण-अनुभव सारखा असूनही गे आणि बायसेक्शुअल पुरुषांना 11 ते 27 टक्के कमी पगार मिळतो. पुढे 2007 मध्ये त्यांनी टॅक्सचा हिशोब काढला. तिथे कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये पार्टनरला घेतलं की ती रक्कम कर्मचाऱ्याचं इन्कम धरायचे, नवरा-बायकोला मात्र माफ, त्यामुळे अशा कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी 1,069 डॉलर जास्त टॅक्स बसायचा.

आता आपलं बघा. वर्ल्ड बँकेसाठी याच बाईंनी 2014 मध्ये भारताचा अभ्यास केला, एलजीबीटी लोकांना बाहेर ठेवल्यानं देशाचं किती नुकसान होतं याचा. उत्तर आलं जीडीपीच्या 0.1 ते 1.7 टक्के. म्हणजे सतरा पटींची रेंज! बाईंचं गणित कच्चं नव्हतं हो, आपल्याकडे डेटाच नव्हता. अमेरिकेनं 1990 च्या सेन्ससमध्येच 'लग्न न झालेला पार्टनर' असा पर्याय दिला होता, त्यातून एकाच घरातली दोन पुरुषांची, दोन बायकांची जोडपी निदान दिसायला तरी लागली. आपल्या सरकारच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेत (एनएसएस) कुटुंबप्रमुखाशी नातं विचारतात, तिथे अशा पार्टनरला कोड 9, म्हणजे नोकर, कर्मचारी आणि इतर बिगर-नातेवाईक. वीस वर्षं एकत्र संसार केला तरी घरगड्याच्या रांगेत. ते खातं तुमचं नाही हे माहितेय, पण त्यांना पैसे तर तुम्हीच देता ना.

तुमच्याकडचा विषय म्हणजे गिफ्ट. वर्षाला 50,000 च्या वर पैसे घेतले की ते इन्कम, नातेवाईकानं दिले तर नाही. आणि नातेवाईकांत कोण कोण बसतं, तर मावशीचा नवरा बसतो, साडूसुद्धा बसतो, मग तो दिवाळीलाही फोन करत नसला तरी. पण आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलीला तिच्या पार्टनरनं पैसे दिले तर ते टॅक्सेबल. मुंबई हायकोर्टात एका गे जोडप्यानं 2025 मध्ये याविरुद्ध याचिकाही केलीय.

पार्टनर कोण हे ठरवायचं कसं, असं अधिकारी विचारतील. मॅडम, तुमच्याच खात्यानं ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलंय की अशा जोडप्यांना जॉइंट अकाउंट उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं, त्यात काही अडचण नाही. चांगलं केलंत. मग तेच कागद पुरावा म्हणून धरा आणि येत्या फायनान्स बिलात नातेवाईकांच्या व्याख्येत पार्टनर टाका. कोर्टाच्या निकालाची वाट बघायची काही गरज नाही.

आपली,
पुण्यातली एक टॅक्सपेयर