पवनीची फेरी, लांब पोळी शेवटी

संपादक महोदय,

पवनीत पाहुण्यांसाठी वारसाफेरी काढायची तर सकाळी साडेसहालाच निघावे. मे महिन्यात नकोच. किल्ल्याचा दरवाजा, वैनगंगेचा घाट आणि १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडलेली जगन्नाथ टेकडी, एवढे पुरे. बाराच्या वर माणसे घेऊ नयेत, मागच्यांना काही ऐकू येत नाही.

खाणे शेवटी. लांब पोळी म्हणजे हातावर ताणून पालथ्या मडक्यावर भाजायची पातळ पोळी. ती आधी करून डब्यात ठेवली की वाफेने चिवट होते. पालथ्या मडक्यावरून थेट ताटात पडावी. सैल कणीक तासभर मुरली नाही तर हातावर ताणतानाच फाटते. चवीपुरती चौघांत एक पोळी होते. पाटवडीचा रस्सा मात्र अर्धी वाटीच वाढा. पुण्या-मुंबईच्या पोटाला आपले तिखट झेपत नाही.

– एक वाचक, पवनी (जि. भंडारा)