टोकन देऊ नकोस, आधी हे वाच

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

लेकीसाठी घ्यायच्या तयार गेमिंग पीसीचा तू पाठवलेला फोटो पाहिला. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, आणि खाली ‘आय-फाइव्ह, 16 जीबी, आरटीएक्स 4060, फक्त 75 हजार’. दहावीला लेकीने तिचा शब्द पाळला, आता तुला तुझा पाळायचाय, हे कळतं मला. पण उद्याच टोकन देऊन मोकळा होऊ नकोस.

त्या ओळीत लिहिलंय ते खरंच असेल. मशीनची किंमत कळते ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. आय-फाइव्ह नावाचा प्रोसेसर 2012 सालीही मिळायचा, म्हणून पूर्ण नंबर विचार. 12400एफ म्हणाला तर चालेल. 2022 चा आहे, पण सहा कोअरचा आहे. त्यातल्या ‘एफ’चा अर्थ एवढाच, की आत स्वतःचं ग्राफिक्स नाही, ग्राफिक्स कार्ड गेलं की स्क्रीन काळी. ते कार्ड म्हणजे आरटीएक्स 4060, त्यात स्वतःची 8 जीबी मेमरी असते. तुझा मॉनिटर फुल एचडी आहे, त्याला ते पुरेल. रॅमची 16 जीबीची एकच स्टिक असेल, तर आठ-आठच्या दोन लावून घे. एकीवर मेमरीचा वेग निम्मा राहतो आणि गेम अडखळतो.

मला खरी धास्ती आहे ती एसएमपीएसची, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची. दोन वर्षांपूर्वी पुतण्यासाठी मी असंच तयार मशीन घेतलं होतं. पाचव्या महिन्यात ऐन खेळात फट्‌ आवाज झाला आणि खोलीभर जळका वास. बाजूचं झाकण काढलं, एसएमपीएसचा डबा हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. स्टिकरवर ‘500 वॅट’, बाकी कंपनीचं नाव नाही की काही नाही. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, वॉरंटी फक्त जुळणीची. पोराचा तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि तुझ्या लेकीचा तसा झालेला मला बघायचा नाही.

म्हणून बिल ‘गेमिंग पीसी, एक नग’ असं घेऊच नकोस. प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर त्यावर हवा, प्रोसेसरचा बंद खोका हवा. खोक्याविना आलेल्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी इंटेल थेट देत नाही, दुकानदाराकडेच जावं लागतं. मग तेच भाग सुटे किती पडतात ते दोन दुकानांत विचारून जीएसटीसह बेरीज मार. तिच्यावर तीन-चार हजार जास्त असतील तर खुशाल घे. जुळणी, विंडोज टाकणं, बिघाड शोधणं, याला मोल आहेच. दहा-बारा हजार जास्त असतील, तर ते दिव्यांचे.

शनिवारी अकराला तापकीर गल्लीच्या तोंडाशी ये. लेकीलाही आण, मशीन तिचं आहे. स्क्रूड्रायव्हर मी आणतो. झाकण उघडून दाखवायला दुकानदार कां कूं करू लागला, तर पुढचं दुकान.

वहिनींना नमस्कार.

तुझा जुना दोस्त