सदस्य जोडायला निघालेल्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सेवा क्लबाने येत्या वर्षासाठी सदस्यवाढीची जबाबदारी तुझ्याकडे दिली, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा फार आनंद झाला. पण लगेच तू म्हणालीस, "आई, ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं, कुणी तयार होत नाही. आता माणसं आणू कुठून?" इतकी वर्षं हेच काम केल्यावर मला या प्रश्नाचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कुणालाही "आमच्या क्लबाचे सदस्य व्हा" असं म्हणू नकोस. त्यांना एक नेमकं काम सांग. सदस्यत्वाचा अर्ज त्यानंतर, त्यांनी स्वतः मागितला की दे.

सदस्य होण्याचं आमंत्रण आलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वर्गणी, सभा, समित्या आणि न संपणारी बांधिलकी उभी राहते. तो "बघतो, सांगतो" म्हणतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. काही जण भिडेखातर होकार देतात. तेही नको, कारण भिडेने आलेला माणूस वर्षभराची वर्गणी भरतो आणि पुढे दिसत नाही. अशी खोगीरभरती करून आकडा गाठता येतो, पण शिबिराच्या सकाळी टेबलं मांडायला पुन्हा तीच चार माणसं उरतात.

त्याऐवजी असं विचारून बघ: "पुढच्या रविवारी सकाळी रक्तदान शिबिर आहे. नोंदणीच्या टेबलावर दोन तास बसशील का? गर्दी झाली तरी तुझा आवाज चढत नाही, म्हणून त्या जागी मला तूच हवी आहेस." काम कोणतं, किती वेळाचं, आणि त्याच माणसाला का विचारलं, एवढं त्यात यायला हवं. त्यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आपल्यातलं काहीतरी कुणीतरी नीट पाहिलंय, हे ज्याला कळतं तो सहसा नाही म्हणत नाही. सर्वांना एकच मजकूर पाठवून हे साधत नाही. एकेकाला गाठून, समोर बसून विचारावं लागतं. याला वेळ लागतो आणि दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही.

मात्र त्यासाठी कामं तुझ्याकडे तयार हवीत. म्हणून माणसांची यादी करण्याआधी कामांची यादी कर. आपल्याकडे असलेली कामं आपल्यालाच दिसत नाहीत, हे मी अनेक क्लबांत पाहिलं आहे.

रक्तदानाचंच घे. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात आणि लाल पेशी पाच-सहा आठवडे. म्हणजे वर्षातून एकदा मोठं शिबिर घेऊन शेकडो पिशव्या जमवल्या, फोटो काढले, तरी दोन महिन्यांनी रुग्णाला त्यातल्या लाल पेशी किंवा प्लेटलेट्स मिळत नाहीत. गरज असते ती वर्षभर विखुरलेल्या लहान शिबिरांची, आणि आधी रक्त दिलेल्यांना पुन्हा देण्याइतका काळ लोटला की आठवणीने फोन करणाऱ्या माणसाची. हे फोन करायला सभेला यावं लागत नाही. तान्ह्या बाळाची आई घरबसल्या हे करू शकते, गुडघे दुखणारे निवृत्त शिक्षकही करू शकतात. सभेला येत नाहीत म्हणून अशी माणसं तुमच्या नजरेतच आलेली नाहीत.

नेत्रदानाचं काम तर याहून नाजूक. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घेतले जावे लागतात, आणि मृत्यू वेळ पाहून येत नाही. मध्यरात्री कुणाचा तरी फोन येतो. तो उचलणाऱ्याने आधी शांतपणे ऐकून घ्यायचं असतं. मग पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, हे हळू आवाजात सांगायचं, आणि दुसऱ्या फोनवरून नेत्रपेढीला कळवायचं. त्या घरात रडणं चालू असतं. अशा वेळी नीट बोलता येणारी माणसं थोडीच असतात, पण प्रत्येक वस्तीत असतात: निवृत्त परिचारिका, रात्रपाळीची सवय असलेला कुणी, स्वतःच्या घरात असं दुःख पाहिलेली एखादी बाई. अशा माणसाला दर आठवड्याच्या सभेची सक्ती केलीस तर तो येणार नाही. आठवड्यातली एक रात्र फोन सांभाळा म्हटलंस तर वर्षानुवर्षं सांभाळेल. माझ्या मते तो क्लबाचा पहिल्या रांगेतला सदस्य आहे आणि त्याला तसंच वागवावं.

अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात. विद्यार्थी सांगेल तेवढंच आणि तसंच लिहायचं, आपलं ज्ञान त्यात घालायचं नाही, एवढी शिस्त ज्याला पाळता येते आणि लेखनिकाच्या शिक्षणाबद्दलच्या परीक्षेच्या नियमांत जो बसतो, तो चालतो. महाविद्यालयातली मुलं समितीत बसायला कंटाळतात, या कामाला मात्र आवडीने येतात, कारण तीन तासांनंतर आपला काय उपयोग झाला हे त्यांना स्पष्ट दिसतं.

नेमकं काम मागण्यात किती बळ असतं, याचं माझ्या मनावर ठसलेलं उदाहरण हेलन केलर या अंध आणि बधिर अमेरिकन लेखिकेचं आहे. मेल्विन जोन्स या शिकागोतल्या विमा व्यावसायिकाने 1917 मध्ये वेगवेगळ्या क्लबांना एकत्र आणलं आणि लायन्सची संघटना उभी राहिली. सेवा करायची हे ठरलं होतं, कामं मात्र ज्याची त्याची. 1925 मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे त्यांचं अधिवेशन भरलं आणि तिथे हेलन केलर बोलल्या. त्यांनी सर्वसाधारण दयेची गोष्ट केली नाही. अंधांचं काम तुम्ही आपलं माना आणि अंगावर घ्या, असं त्यांनी त्या सभागृहाकडे थेट मागितलं. त्या दिवसापासून दृष्टी हे लायन्सचं मुख्य काम होऊन बसलं, ते आजतागायत. पुढे 1930 मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या क्लबाच्या जॉर्ज बोनम यांना रस्ता ओलांडू पाहणारा एक अंध माणूस दिसला. त्याची काठी काळी होती आणि वाहनचालकांना ती दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवून तिच्यावर लाल पट्टा द्यावा, असं त्यांनी क्लबात सुचवलं आणि क्लबाने ते उचलून धरलं. आधी काम हातात आलं होतं, म्हणून पुढे नजरही तिथे गेली, असं मला वाटतं.

माणसं फक्त सेवेसाठी येतात असं मात्र समजू नकोस. पॉल हॅरिस या वकिलाने 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत तिघा जणांना जमवलं आणि रोटरीची सुरुवात झाली, तेव्हा त्यांना मोठ्या शहरात सोबत हवी होती आणि धंद्यात एकमेकांची मदत. पाळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात ते जमत. लोकोपयोगी कामाकडे ते 1907 च्या सुमारास वळले, आणि ते काम होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट करण्याचं. तेव्हा नव्या गावात ओळखी व्हाव्यात म्हणून कुणी आलं, मुलं घराबाहेर पडल्यावर घर खायला उठतं म्हणून कुणी आलं, तर त्याला कमी लेखू नकोस. एकटेपण घालवायला आलेली माणसं पुढे फार निष्ठेने काम करतात. फक्त त्यांना रिकामं बसवू नकोस.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. तुमच्या क्लबात कोण कोण *नाही*, हे एकदा शांतपणे बघ. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे इथल्या रोटरी क्लबाची सदस्यसंख्या 1977 च्या सुमारास इतकी घटली होती की क्लब टिकतो की नाही अशी चिंता होती. त्यांनी तीन बायकांना सदस्य करून घेतलं. संघटनेचा नियम तेव्हा फक्त पुरुषांचा होता, म्हणून त्यांची सनद रद्द झाली. क्लब मागे हटला नाही, आपल्या नावामागे 'माजी' लावून काम करत राहिला आणि न्यायालयात गेला. अखेर 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सिल्व्हिया व्हिटलॉक त्याच वर्षी त्या क्लबाच्या अध्यक्ष झाल्या, रोटरीच्या पहिल्या महिला क्लब अध्यक्ष. लायन्स आणि किवानीस या सेवासंघटनांनीही त्याच वर्षी स्त्रियांना दार उघडलं. त्याआधी बायका काही वाट बघत बसल्या नव्हत्या. 1919 मध्ये बफेलो इथे झोंटा आणि 1921 मध्ये ओकलंड इथे सोरॉप्टिमिस्ट या त्यांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या. मला या सगळ्यात एवढंच दिसतं की सदस्य मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांच्या शेजारीच काम करायला उत्सुक माणसं होती, फक्त त्यांना कुणी विचारत नव्हतं. आता लेखी नियमांनी कुणाला अडवलेलं नसतं, अडवतात त्या सवयी. नोकरदाराला जमणार नाही अशी सभेची वेळ, जिना चढावा लागेल अशी जागा, थोड्यांनाच परवडेल अशी वर्गणी, लहान मूल घेऊन येणारीकडे वळणाऱ्या नजरा. ज्यांना तुमच्या क्लबाची मदत झाली, त्यांना तुम्ही कधी काम करायला बोलावलंत का? डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजोबांइतका पटणारा माणूस पुढच्या तपासणी शिबिराला दुसरा मिळणार नाही.

वर्गणी किती, वेळ किती, जिल्हा पातळीवरचे कार्यक्रम किती, हे सगळं आधी उघड सांग. आत आल्यावर कळलेल्या अटींचा राग फार दिवस राहतो.

नवा माणूस आला की खरं काम सुरू होतं, आणि इथेच बहुतेक क्लब हात झटकतात. बोधचिन्हाची पिन लावली, टाळ्या झाल्या, की तो कुणाचाच नसतो. ज्याने त्याला आणलं त्याने पहिले तीन-चार महिने त्याची जबाबदारी घ्यावी, असा आग्रह धर. सभेत शेजारी बसावं, कोण कोण आहे ते सांगावं, एखादी सभा चुकली तर दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी. हजेरी विचारल्यासारखी नव्हे, काळजीने. आणि उत्साही माणूस दिसला म्हणून लगेच सचिवपद त्याच्या गळ्यात घालू नका. पहिल्याच वर्षी पत्रव्यवहार आणि हिशेब अंगावर पडून चांगली माणसं थकून जातात.

कंटाळवाणं काम नव्यांना देताना ते मोठ्या कामात कुठे बसतं हेही सांग. रोटरीने 1985 मध्ये पोलिओविरुद्धचा आपला कार्यक्रम सुरू केला, 1988 मध्ये जागतिक मोहीम उभी राहिली. तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना हा आजार होत होता. ते प्रमाण आज नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटलं आहे. त्या मोहिमेतली बहुतेक माणसं रोज काय करत होती? लसीच्या पेट्यांत बर्फ भरणं, दारोदार जाणं, कुठलं घर राहिलं ते लिहून ठेवणं. तुझ्या नोंदणीच्या टेबलावरची वही याच जातीची आहे, हे बसणाऱ्याला माहीत असू दे.

जुन्या सदस्यांशी वाद घालू नकोस. "असं आम्ही करून पाहिलंय" हे ते फार लवकर म्हणतात, मान्य. पण रुग्णालयात कुणाला फोन करायचा, शाळेचं सभागृह कसं मिळतं, कुठल्या देणगीदाराला किती आधी भेटायचं, हे त्यांच्याच डोक्यात असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. प्रत्येक उपक्रमात एक जुना आणि एक नवा अशी जोडी लाव. ज्येष्ठांना शिकवायला मिळालं की विरोध बराच मावळतो.

आणि सोडून जाणाऱ्यांना भेट. सदस्यवाढ समितीची माणसं यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत, मला ते अजिबात पटत नाही. नोकरी बदलली, घरी आजारपण आलं, ही कारणं खरी असतात. पण "मला काही कामच नव्हतं" हे वाक्य तू पुन्हा पुन्हा ऐकशील. ते लिहून ठेव आणि कार्यकारिणीसमोर वाचून दाखव. गेलेल्यांपैकी काहींना तुझ्या यादीतलं एखादं काम तिथल्या तिथे सुचवता येईल, सदस्यत्वाचं नावही न काढता.

तेव्हा या आठवड्यात फक्त कामांची यादी कर. प्रत्येक कामापुढे वेळ किती लागतो आणि कसा स्वभाव हवा हे लिही, नावं घालू नकोस. यादी मला पाठव, रात्रीच्या फोनच्या पाळ्या कशा लावायच्या ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई